डबा सापडतो हो, गाडी सापडत नाही! वाळवंटातल्या जिओकॅशिंगची पुण्यातून तयारी

पुण्यात एखाद्या टेकडीवर झुडपात वाकून काही शोधत बसा. पाच मिनिटांत फिरायला आलेले एक काका थांबणारच. "काय हरवलंय?" "काही नाही काका, डबा शोधतोय." "सापडला की काय मिळतं?" "काही नाही. आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा परत ठेवायचा." "मग शोधता कशाला?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. पण वाळवंटात हाच खेळ खेळायला गेलो, तेव्हा त्या काकांची फार आठवण झाली. तिथे विचारायला कोणी येत नाही, आणि आपल्यालाही कोणाला रस्ता विचारता येत नाही. टेकडीवरचं आणि वाळवंटातलं जिओकॅशिंग यांत मोठा फरक आहे तो हाच. पुढची सगळी तयारी त्याच्यासाठी.

खेळ नेमका काय आहे

मे २००० पर्यंत सामान्य माणसाच्या जीपीएसला अमेरिकन सरकार मुद्दाम चुकीचा संकेत देत असे. त्यामुळे जागा शंभरेक मीटरनी हुकायची. २ मे २००० ला ही गडबड बंद झाली आणि उपकरणं एका रात्रीत अचूक झाली. लगेच दुसऱ्या दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यात एक काळी बादली जमिनीत अर्धवट पुरली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि 'शोधा' म्हणून सांगितलं. बादलीत वही-पेन्सिल होती, काही वस्तू होत्या आणि बीन्सचा एक डबाही होता. (खाण्याच्या वस्तू ठेवू नयेत हा नियम नंतर आला. जनावरं वासाने डबा फोडतात.) 'जिओकॅशिंग' हे नाव त्याच महिन्याच्या अखेरीस सुचवलं गेलं, आणि सप्टेंबरमध्ये खेळाची मुख्य वेबसाइट सुरू झाली. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत.

नियम थोडके आहेत. डबा शोधायचा, आतल्या वहीत तारीख आणि टोपणनाव लिहायचं, होता तसा आणि होता तिथेच ठेवायचा, मग अॅपवर नोंद करायची. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा जास्त किमतीची दुसरी ठेवायची. क्रमांक असलेला धातूचा बिल्ला मिळाला तर तो 'ट्रॅव्हल बग'. तो स्वतःकडे ठेवायचा नसतो, पुढच्या डब्यात पोचवायचा असतो. डबा प्रत्येक वेळी डबाच असेल असंही नाही. कधी बोटाच्या पेराएवढी नळी असते, कधी जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाची डबी, तर कधी चांगला बादलीएवढा ऐवज.

प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, मध्ये अर्धे-अर्धे. पोचण्याचा आकडा १ असेल तर चाकाच्या खुर्चीवरूनही जाता येतं. ५ असेल तर दोर, होडी असं काही खास साहित्य लागतं. नवख्यांनी वाळवंटात पोचण्याचा आकडा ३ च्या वर जाऊ देऊ नये. शोधण्याचा कितीही चालेल, फार तर सापडणार नाही.

आधी टेकडीवर हात बसवा

अॅप फुकट उतरवता येतं आणि खातंही फुकट उघडतं. अँड्रॉइडवर सी:जिओ नावाचं मुक्त अॅपही बरेच जण वापरतात. मात्र आपल्याकडे डबे तुरळक आहेत. युरोपातल्या शहरांत पावलोपावली असतात, तसं इथे नाही. त्यामुळे सरावाचा माझा उपाय घरगुती आहे. बोहरी आळीतून घट्ट झाकणाचा छोटा डबा आणायचा, अप्पा बळवंत चौकातून खिशातली वही घ्यायची आणि मित्राला सांगायचं, "तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर लपव, मला फक्त आकडे पाठव." संध्याकाळी डबा परत आणायचा, तिथे सोडून यायचा नाही.

अशा दोन रविवारांत दोन गोष्टी कळतात. पहिली, फोनचा जीपीएस तुम्हाला डब्यापर्यंत नेत नाही, त्याच्या आसपास नेतो. उघड्यावर तीन ते पाच मीटर, झाडांखाली किंवा उंच इमारतींजवळ त्याहून बरंच जास्त. शेवटच्या दहा मीटरांत फोन खिशात घालायचा आणि डोळे वापरायचे. 'मी लपवणारा असतो तर कुठे ठेवला असता?' असं मनात विचारायचं. दगडांची अनैसर्गिक रास, फांदीमागची पोकळी, कुंपणाच्या खांबाचं तोंड. दुसरी गोष्ट आकडे लिहिण्याची. ही इतकी महत्त्वाची आहे की तिच्यावर थोडं सविस्तर बोलू.

आकड्यांचा घोळ

जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. शनिवारवाडा या पद्धतीने साधारण उत्तर १८ अंश ३१.१७ मिनिटं, पूर्व ७३ अंश ५१.३२ मिनिटं असा येतो. फोनमधले नकाशे मात्र सहसा दशांश अंश दाखवतात, म्हणजे १८.५१९५ आणि ७३.८५५३. जागा तीच, लिहिण्याची रीत वेगळी. आता कोणी घाईत मिनिटं तशीच दशांशचिन्हानंतर ठोकून १८.३११७, ७३.५१३२ लिहिलं, तर शनिवारवाड्याला निघालेला माणूस सुमारे ४३ किलोमीटर नैऋत्येला, रायगडाच्या बाजूच्या डोंगरात जाऊन पोचतो. पुण्यात ही चूक लगेच लक्षात येते, कारण शनिवारवाडा कुठे आहे हे आपल्याला माहीत असतं.

हीच चूक जैसलमेरच्या किल्ल्याबाबत केली तर पन्नासहून जास्त किलोमीटर नैऋत्येला, भर वाळवंटात, सीमेच्या दिशेने भरकटायला होतं. आणि तिथे सगळं सारखंच दिसतं, त्यामुळे चूक लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे. मिनिटांना ६० ने भागायचं आणि ते अंशांत मिळवायचं. ३१.१७ भागिले ६० म्हणजे ०.५१९५. निघण्याआधी प्रत्येक डब्याचे आकडे घरी बसून, चहा पीत, दोन वेगळ्या नकाशांवर टाकून पाहा. दोन्हीकडे टाचणी एकाच जागी पडली की वहीत लिहा. होय, कागदी वहीत.

कुठे जायचं

पुणेकरांसाठी पहिलं वाळवंट थारचं, आणि थारमध्ये जैसलमेर. पण आधी अॅपचा नकाशा उघडून तिथे आज किती डबे जिवंत आहेत ते पाहा. मोजकेच दिसतील. दिवसाला वीस डबे टिपायचे असतील तर थार तुमच्यासाठी नाही. अमेरिकेत नेव्हाडाच्या वाळवंटातल्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्यावर, परग्रहवासीयांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाटेवर, हजाराहून जास्त डबे ओळीने मांडलेले आहेत. लोक तिथे गाडीतून उतरायचं, सही करायची आणि पुन्हा चढायचं, असं दिवसभर करतात. मला त्यात रस वाटत नाही, पण ज्याची त्याची आवड. नातेवाईक दुबईत असतील तर तिकडच्या वाळवंटातही थारपेक्षा बरेच डबे सापडतील. तरी पहिली वारी थारचीच करा. भाषा समजते, जेवण पचतं आणि चूक झाली तर सावरणारी माणसं मिळतात.

डब्याचं पान वाचताना वर्णनाआधी शेवटच्या नोंदी वाचा. लागोपाठ चार जणांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर तो डबा बहुतेक गेला आहे, त्याच्यासाठी तीस किलोमीटर जीप पळवू नका. डबा नेमका कुठे असेल याची छोटी सूचना वेबसाइटवर सांकेतिक लिपीत असते. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं असतं. अॅप ते उलगडून दाखवतं, पण नेटवर्क जाण्याआधी उलगडून वहीत उतरवून ठेवा.

थारमध्ये मला डब्यांइतकाच 'अर्थकॅश' हा प्रकार आवडतो. यात डबा नसतोच. भूगर्भाच्या दृष्टीने वेगळी अशी जागा असते. तिथे जाऊन निरीक्षण करायचं आणि प्रश्नांची उत्तरं ती अर्थकॅश तयार करणाऱ्याला पाठवायची. जैसलमेरपासून साधारण १७ किलोमीटरवर बाडमेर रस्त्याला आकल नावाचं गाव आहे. तिथे ज्युरासिक काळातले, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे वृक्षांचे ओंडके दगड होऊन पडले आहेत. आज जिथे माणूस सावली शोधत फिरतो, तिथे एके काळी दाट जंगल होतं. त्या जागेची अर्थकॅश अॅपवर असो वा नसो, तासभर घालवाच. मात्र तिथला खडा खिशात घालायचा नाही, छोटासुद्धा नाही.

कधी आणि कसं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्याबाहेर जाऊ नका, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी सहज ओलांडतो. डिसेंबरात मात्र रात्री दात वाजतात, पारा पाच अंशांपर्यंत उतरू शकतो. महाबळेश्वरला नेता तो स्वेटर पुरत नाही, जाड जाकीट घ्या. सूर्य आपल्यापेक्षा उशिरा उगवतो, डिसेंबरअखेर साडेसातच्या सुमारास, आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शोधायला जेमतेम दहा तास. त्यांतलेही दुपारचे दोन सोडा.

पुण्याहून जोधपूरला रेल्वेने जाता येतं. तिकिटावर 'भगत की कोठी' दिसलं तर गोंधळू नका, ते जोधपूर शहरातलंच स्टेशन आहे. जोधपूरहून जैसलमेर साधारण २८० किलोमीटर, रेल्वेने किंवा रस्त्याने. दिवाळीच्या सुट्टीत अर्धं पुणे राजस्थानात असतं, तेव्हा शक्यतो ती टाळा.

जैसलमेरला पोचल्यावर स्वतः गाडी चालवायचा मोह आवरा. स्थानिक चालकासह जीप ठरवा आणि त्याला सुरुवातीलाच खरं सांगा, की आम्ही लपवलेले डबे शोधणार आहोत, कदाचित आडबाजूला अर्धा तास थांबावं लागेल. पहिल्यांदा तो तुमच्याकडे टेकडीवरच्या काकांच्याच नजरेने बघेल. दुसऱ्या डब्याला तोच पुढे पळत जातो, हा माझा अनुभव. मुक्कामासाठी सम आणि खुडी हे दोन पर्याय. सम शहरापासून चाळीसेक किलोमीटर, तंबू भरपूर आणि रात्री मोठ्याने गाणी. खुडी थोडं लांब आणि शांत. मी खुडी निवडतो.

सगळ्यात आधी गाडीची खूण

आता मुख्य गोष्ट. पहिल्या वर्षी खुडीजवळ जीप एका वाटेवर उभी करून मी सातशे मीटरवरच्या डब्याकडे निघालो. पंधरा मिनिटांत डबा मिळाला. वहीत सही केली, स्वतःचा फोटो काढला आणि मागे वळलो. मागे नऊ टेकाडं होती आणि नऊही सारखी. डब्याची जागा फोनमध्ये होती, जीपची नव्हती. पावलांच्या ठशांवरून जाईन म्हटलं, तर वाऱ्याने ते अर्ध्या वाटेवरच पुसले होते. नेटवर्क नव्हतं. दूरवर पवनचक्क्या दिसत होत्या, पण जैसलमेरच्या परिसरात त्या इतक्या आहेत की खूण म्हणून त्यांचा काहीच उपयोग नाही. पन्नास मिनिटांनी जीप मिळाली. चालक बॉनेटवर झोपला होता, त्याला काही पत्ताच नव्हता.

तेव्हापासूनचा क्रम असा. गाडीतून उतरल्यावर दार लावण्याआधी अॅपमध्ये गाडीची जागा साठवायची. माग नोंदवणं चालू करायचं, म्हणजे आल्या वाटेने रेषेवरून परत फिरता येतं. चालकाला वेळ सांगायची, "पाऊण तासात आलो नाही तर हॉर्न वाजवत राहा." गाडीच्या टपावर लाल किंवा भगवा कापडाचा तुकडा बांधायचा. एकट्याने जायचं नाही. आणि फोन बंद पडलाच तर निदान दिशा तरी कळावी म्हणून एक जुनी युक्ती. जैसलमेर आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे तिथे खरी मध्यान्ह उशिरा होते. डिसेंबरअखेर दुपारी पाऊण वाजता सावली बरोबर उत्तरेकडे पडते. पण गाडी कुठल्या दिशेला आहे ते निघताना पाहिलेलं असेल तरच याचा उपयोग.

वाळूत डबा कुठे असतो

वाळूत नसतो. टेकाडं वाऱ्याने सरकतात, आज पुरलेला डबा पुढच्या वर्षी टेकाडाच्या पोटात गेलेला असतो किंवा उघडा पडतो. लपवणाऱ्यालाही हे माहीत असतं. म्हणून आकडे एखाद्या टेकाडाच्या उतारावर दाखवत असतील, तर नजर जवळच्या पक्क्या वस्तूकडे वळवा. खडकाची कपार, पडकी भिंत, मैलाचा दगड, झाडाचा बुंधा.

झाड म्हणजे बहुधा खेजडी, आपली शमी. राजस्थानचा तो राज्यवृक्ष आहे. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडली गावात ही झाडं तोडू नयेत म्हणून अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. तेव्हा शोधण्याच्या नादात फांदी मोडणं, साल उचकटणं असले उद्योग करू नका. खेळाच्या नियमांतही ते बसत नाही आणि गावकऱ्यांच्या मनाला तर फारच लागतं.

कपारीत हात घालायच्या आधी काठी घाला. थारमध्ये फुरसं भरपूर, आणि विंचूही. फुरशाचा रंग वाळूत असा मिसळतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. थंडीत ती सुस्त असतात, पण ऊन खायला दगडावर येतात, म्हणजे नेमकी डब्याच्या शेजारी. घोट्याच्या वर जाणारे बूट घाला, सँडल नको. धातूचा डबा दुपारी तव्यासारखा तापतो, हातमोजे जवळ ठेवा. प्लॅस्टिकचा डबा उन्हाने ठिसूळ होतो, झाकण हळू उघडा.

सीमा, पोलीस आणि बेवारस डबा

१३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कमधल्या जर्मन बेकरीत ठेवलेल्या बॅगेत स्फोट झाला, तेव्हापासून बेवारस वस्तूकडे पुणेकर वेगळ्या नजरेने पाहतो. सीमावर्ती जिल्ह्यात ही नजर आणखी कडक असते, आणि ते योग्यच आहे. हातात जीपीएस घेऊन दगडांखाली डबे शोधणारा परगावचा माणूस संशयास्पद दिसणारच. म्हणून लष्करी तळ, चौक्या, गोळीबाराची मैदानं, पूल आणि रेल्वेमार्ग यांच्याजवळचा डबा, अॅपवर असला तरी, सोडून द्या. सीमेकडच्या काही भागांत जायला परवानगी लागते, त्याची चौकशी जैसलमेरमध्येच करा. कोणी हटकलं तर लपवाछपवी करू नका. अॅप दाखवा, खेळ समजावून सांगा, नको म्हणाले तर निघा.

अमेरिकेतून भाऊ-बहीण सोबत येणार असतील तर त्यांना आधीच कळवा, की उपग्रह फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणं परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. तिकडे ती गिर्यारोहक सर्रास वापरतात, इथे विमानतळावर अडकलेल्या परदेशी पाहुण्यांच्या बातम्या आलेल्या आहेत. साध्या जीपीएसला, फोनला काही अडचण नाही.

मरुभूमी राष्ट्रीय उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे आणि माळढोकाच्या शेवटच्या काही आसऱ्यांपैकी एक. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक दिसायचा, त्याचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. उद्यानात वाट सोडून डब्यामागे जाऊ नका. जैसलमेरजवळच्या कुलधरा या ओसाड गावातल्या घरांतही भिंतींवर चढणं, दगड हलवणं नको.

पिशवीत काय

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, आणि गाडीत वेगळा कॅन. मीठ-साखरेच्या पुड्या. फोन उन्हात धरून चालू नका, तापला की तो स्वतःच बंद होतो. पांढऱ्या रुमालात गुंडाळून खिशात ठेवा. पॉवर बँक, आधीच उतरवून ठेवलेला नकाशा, दोन पेनं (वाळूने एक नक्की अडकतं, त्यापेक्षा पेन्सिल बरी), शिट्टी, विजेरी, काठी. डब्यात ठेवायला काहीतरी छोटं आणि इथलं न्या. मी तुळशीबागेतली लाकडी भातुकलीची पळी ठेवून आलो होतो. भाकरवडी नको, नियम वर सांगितला आहे.

परत आल्यावर

जीपमध्ये बसल्या-बसल्या नोंद टाकायची घाई नको. रात्री मुक्कामी नेटवर्क मिळालं की नीट लिहा. डबा ओला होता का, वही भरली आहे का, झाकण फुटलं आहे का, हे पुढच्याला आणि मालकाला कळलं पाहिजे. सापडला नाही तर तेही लिहा, त्यात कमीपणा नाही. फक्त डबा दगडाच्या कुठल्या बाजूला आहे ते फोडू नका.

वाळवंटात स्वतःचा डबा लपवून येण्याची हौस मात्र आवरा. हजार किलोमीटरवरून त्याची देखभाल होणार नाही आणि वेबसाइटही असा सुट्टीतला डबा सहसा मंजूर करत नाही. लपवायचाच असेल तर घराजवळ लपवा. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, टेकडी वनखात्याची असेल तर त्यांची, आणि दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर अंतर ठेवा. पावसाळ्याआधी झाकणाचं रबर बदला. काकांना सांगून ठेवलंत तर ते रोज सकाळी डबा जागेवर आहे ना तेही बघतील.